करुणाचा कान

शाळेत बावीस वर्षं काढली की किस्से जमवावे लागत नाहीत. तपासायच्या पेपरांसारखे ते आपोआप साचतात, अन् कोणी चहा पाजला की बाहेर पडतात! भिलाईजवळ रिसालीच्या आमच्या शाळेत मी सायन्स शिकवते. स्वभाव तापट, असं पोरंच सांगतात. पण करुणाचे किस्से मी जरा जपून सांगते, कारण त्यातल्या बहुतेकांत चूक माझीच आहे.

करुणा नववीत एकदा नापास झालेली. बाप रेल्वेत चावीवाला, म्हणजे हातोडी घेऊन रोज रूळ तपासत चालणारा माणूस. शाळेत सगळं हिंदीत, घरी आपली मराठी. पण पोरीची अडचण भाषेची नव्हती. फळ्यावरची एक ओळ वाचायला तिला पाच मिनिटं लागायची.

"मॅडम, अक्षरं पळून राहिली," म्हणायची.

"मग तू बी पळ त्यांच्या मागं!" मी म्हणायची. आता आठवलं की लाज वाटते.

*

युनिट टेस्ट होती. प्रश्न, आवाज कसा निर्माण होतो? करुणा बाईसाहेबांनी उत्तराची जागा कोरी सोडली अन् खाली वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं, "पंखा बंद पड़ेगा."

मी लाल पेनानं शून्य दिलं. वर भर वर्गात विचारलं, "हा पेपर आहे की पंख्याची कम्प्लेंट?" सगळे खो-खो हसले.

तिसऱ्या दिवशी माझ्याच डोक्यावरचा पंखा घरघरला अन् बंद! मिस्त्री म्हणाला, बेअरिंग गेलं. मी कपाटातून तो पेपर पुन्हा काढून पाहिला. मार्क काही वाढवले नाहीत हो. नियम म्हणजे नियम!

*

उन्हाळ्याआधी आमचे चपराशी साहू काका दुर्गच्या बाजारातून शाळेसाठी मडकी आणतात. एकेक वाजवून, पारखून. त्या दिवशी होमवर्क नाही म्हणून मी करुणाला वर्गाबाहेर उभं केलं होतं, भिंतीकडं तोंड करून. काका व्हरांड्यात मडकी एकेक वाजवून ठेवत होते.

"काका, तीसरा वाला फूटा है," ही न वळताच म्हणाली.

काका भडकले. तीस वर्षं मडकी आणणारा माणूस, अन् ही पोर त्याला शिकवणार! "तीस साल ले मटका लावत हंव, नोनी!"

मडकं उलटंपालटं करून पाहिलं. कुठं काही नाही. भरून ठेवलं. सकाळी व्हरांड्यात तळं! तेव्हापासून काका मडकं वाजवायचे अन् पाहायचे मात्र तिच्या तोंडाकडं.

*

मग मी बापाला बोलावलं. ड्युटीवरून सरळ आला. नारिंगी जॅकेट, हातात हातोडी. मी प्रगतिपत्रक दिलं, तर माणसानं न पाहताच घडी करून खिशात टाकलं. माझं डोकंच फिरलं.

"अहो, निदान बघा तरी!"

"काय पाहाचं मॅडम? यंदा पास झाली तं ठीक. नाही तं गोंदियाले आत्याकडं पाठवतो. शाळा बंद."

करुणा दाराशी उभी राहून ऐकत होती. तिचं तोंड एवढंसं झालं. मी घाईघाईनं पंख्याचं सांगितलं, मडक्याचं सांगितलं. तो हसला.

"ते तं ती लहानपणापासून करते. मी घरी बोल्ट वाजवायचो, अन् ही माझ्याकडं पाठ करून उभी राहून सांगायची, कोणता खराब. पण तो खेळ होय मॅडम. खेळाचे मार्क कुठं भेटतात?"

मी सायन्सची मास्तरीण. माझ्या मार्कांच्या वहीत खेळाला रकानाच नव्हता.

*

दुसऱ्या दिवसापासून रिकाम्या तासाला मी तिला धडे वाचून दाखवू लागले. एकदा ऐकलं की पोरगी जसंच्या तसं सांगायची, माझ्या खोकल्यासकट! मी हेडमास्तर ठाकूर सरांना म्हटलं, हिला पेपर वाचून दाखवू द्या, उत्तरं तोंडी घेऊ द्या. नववीची परीक्षा तर आपल्याच शाळेची.

सर म्हणाले, "मैडम, आज ये, कल सब लाइन लगाएँगे."

आता आमची घंटी म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा. रूळ बनवणाऱ्या भिलाईत दुसरं काय टांगणार! एका सकाळी प्रार्थनेची घंटी झाली अन् करुणा थेट सरांपुढं उभी. "सर, घंटी की कड़ी टूट रही है."

"जाओ, लाइन में लगो!"

पण साहू काकांना मडकं आठवलं. त्यांनी गुपचूप पहिलीच्या लेकरांची लाइन दहा हात मागं सरकवली. प्रार्थना संपली, काकांनी लांबूनच हात ताणून ठोका दिला अन् धाड्! तुकडा खाली. जमिनीत हा एवढा खड्डा!

सरांनी खड्ड्याकडं पाहिलं, लेकरांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "मैडम, पेपर पढ़कर सुनाने कौन बैठेगा? आप ही बैठ जाइए!"

*

आता करुणा आयटीआय करून मरोद्याला एका वर्कशॉपमध्ये मोटरी दुरुस्त करते. माझ्या स्कूटरचं दुखणं फोनवर ऐकून सांगते. "मॅडम, ऑइल टाका, कंजुसी नका करू!" मास्तरणीला रागावते, बघा! मला फार बरं वाटतं.

पण सगळ्यात भारी किस्सा त्या नववीच्या निकालाचा.

बाप आला. तेच जॅकेट, तीच हातोडी. करुणा माझ्या बाजूला. मी मार्कशीट त्याच्या हातात दिली. या वेळी खिशात नाही टाकली. दोन्ही हातांनी धरून बराच वेळ पाहत राहिला. मग माझ्याकडं परत दिली.

"मॅडम, वाचून दाखवा."

"चष्मा विसरलात का?"

"मले चष्मा नाही लागत. अक्षरं माह्यासमोर बी पळतात."

त्यानं हातोडी खाली ठेवली अन् माझ्याकडं पाठ करून उभा राहिला. मी वाचू लागले. हिंदी, पास. इंग्लिश, पास. गणित, पास. मी सायन्सपाशी आले.

"थांबा मॅडम," तो तसाच पाठमोरा म्हणाला. "ते गणित अजून एक डाव वाचा."