कडगंचीचा करंट

२०११ साल होतं. माझं वय त्रेसष्ट, तेही शाळेच्या दाखल्यावरचं. मास्तरनं मला वरनं खाली बघितलं अन् अंदाजानं लिहून टाकलं. तिसरीच्या पुढं मी गेलो न्हाई. पण गाडीचं मला कुणी शिकवावं असं काही न्हाई. खजुरी ते आळंद शिटा भरून डिझेलची जीप चालवायला मला तेव्हा अठरा वर्षं झाली होती. दोन पान्यांवर इंजिन उघडायचो अन् परत बसवायचो.

बायकोला लकवा मारून दीड वर्ष झालं होतं. उजवा पाय ओढत चालायची. दर सोमवारी तिला गुलबर्ग्याला न्यायचं, तिथला डॉक्टर पायाचा व्यायाम करून घ्यायचा. बसची पायरी तिला चढता येईना, अन् जीप तर त्याहून उंच. मग मी काखेत हात घालून तिला उचलायचो. आमच्या दारात, आळंदच्या स्टँडवर, डॉक्टरच्या फाटकात, सगळीकडं. ती पदर तोंडावर ओढून घ्यायची. चाळीस वर्षांच्या संसारात चार माणसांपुढं मी तिच्या हाताला हात लावला नव्हता, अन् आता हे असं पोत्यागत उचलणं.

डॉक्टरकडं बॅटरीवरची छोटी मोटार होती, बेंगळूरहून आणलेली. मोठी गाडी घेतली म्हणून ही विकायला काढली होती. एका सोमवारी व्यायाम झाल्यावर तो सहज म्हणाला, अक्का, बसून तर बघा. बायकोनं दार स्वतः उघडलं. मागं टेकली, उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला अन् दार लावून घेतलं. मला हात लावायचं कामच पडलं न्हाई. मी जीप चालू करून हॉर्न वाजवला तरी बाई उतरेना.

"तुमी चालवा तुमची जीप. मी हितंच बसते," म्हणाली.

तिथनं माझ्या डोक्याला भुंगा लागला. मी डॉक्टरला उभ्या उभ्या शंभर गोष्टी विचारल्या. नवी होती तेव्हा सत्तर किलोमीटर जायची, आता पन्नास-पंचावन्न. आमच्या गावाहून गुलबर्गा साठाच्या घरात, म्हणजे यायला निघालो तरी वाटेतच थांबणार, परत जायचं तर सोडाच. डिझेल वाचेल हे खरं. पण बॅटऱ्या संपल्या की नव्या घ्यायला एका बैलजोडीची किंमत. चार वर्षं वाचवायचं अन् पाचव्या वर्षी एका दिवसात गिळून टाकायचं. पुन्हा आमच्या खजुरीचा करंट. तीन फेज आला की सगळ्या शिवारातल्या विहिरींवरच्या मोटारी एकदम सुरू होतात अन् घरातला दिवा विडीच्या टोकागत लाल होतो. त्यावर ही गाडी काय चार्ज होणार? तिचं पोट खाली, पावसाळ्यात खड्ड्यात घासणार. बिघडली तर आळंदचा फिटर हात लावणार न्हाई. मी त्याला नंतर विचारलंही. तो म्हणाला, मामा, त्यात इंजिनच न्हाई तर मी उघडू काय?

डॉक्टर शांतपणे म्हणाला, मध्ये कुठं दोन-तीन तास लावायला मिळालं की झालं. कडगंचीत विद्यापीठाचं काम चालू आहे, तिकडं करंट टिकतो म्हणतात. कडगंचीत कुणी ओळखीचं आहे का?

मी म्हणालो, न्हाई.

बायकोनं माझ्याकडं बघितलं अन् मान खाली घातली. कडगंचीत आमची लेक दिलेली आहे. जावई त्याच बांधकामावर वायरिंगचं काम करायचा.

आमच्यात रीत आहे. लेकीला मूल झाल्याबिगर तिच्या घरचं पाणी आई-बापानं प्यायचं न्हाई. तिच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती. दर सोमवारी परतताना मी तिच्या दारात जीप थांबवायचो, मायलेकी बोलायच्या, मी माझ्या बाटलीतलं पाणी प्यायचो. उंबरा मी ओलांडला नव्हता. ज्या घरचा घोट चालत न्हाई त्या घरचा करंट कसा घ्यायचा? हे डॉक्टरला काय सांगणार? तो हसला असता, अन् मला हसलेलं खपत न्हाई.

त्या दिवशी दारात जीप थांबली तसं बायकोनं लेकीला सगळं सांगून टाकलं. मी डॉक्टरपुढं काय बोललो तेसुद्धा. लेक माझ्या बाजूला आली.

"अप्पा, कडगंचीत तुमचं कुणी न्हाई व्हय?"

मी स्टेअरिंगकडं बघत बसलो. म्हणालो, रीत मी काढलेली न्हाई.

"रीत पोर झाल्यावर सुटती. मला आता होईल असं वाटत न्हाई. बायकांच्या डॉक्टरनीबी तसंच सांगितलंय. मग तुमी मरेपर्यंत दारातच उभं राहणार का? गल्लीतल्या बायका दर सोमवारी मोजायल्यात, अजून म्हातारा बाहेरच हाय म्हणून."

ती रडली न्हाई. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. मी गिअर टाकला.

घरी आल्यावर मी उतरवायला हात पुढं केला तर बायकोनं तो बाजूला सारला अन् स्वतः उतरायला बघितलं. घसरली, गुडघा फुटला. हळद लावून घेतली ती पण शेजारणीकडनं. मी अंगणात जीपचं बॉनेट उघडून बसलो. काही बिघडलं नव्हतं. फिल्टर सोडवला, पुसला, परत बसवला. कितीदा. माझ्या आईनं रीत पाळली, आजीनं पाळली. पण त्यांच्या लेकींच्या घरी वर्षा-दोन वर्षांत पाळणा हलला, त्यांचं पाळणं किती दिवसांचं? आठ वर्षं कुणी पाळली होती, हे मला आठवेना. पैशाचा हिशेब तर मी विसरूनच गेलो.

सकाळी उजाडल्या उजाडल्या मी शिटा न भरता आळंद गाठलं. दुकान उघडेपर्यंत पायरीवर बसलो, मग पंधरा अँपियरचं सॉकेट अन् जाड वायर घेतली अन् कडगंचीला गेलो. जावई कामावर गेला होता. लेक अंगण झाडत होती. चपला बाहेर काढून मी आत गेलो, वायर खाली ठेवली अन् चुलीपाशी बसून तिला म्हणालो, भाकरी टाक, भूक लागलीय.