हरेश्वर, बोलणी मी फोडली

हरेश्वर गेल्याचा निरोप आला तेव्हा मी मांडव्याच्या धक्क्यावर मुंबईच्या बोटीची वाट बघत होतो. प्राध्यापकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक ओळ, आणि तिच्याखाली भराभर जोडलेले हात. मीही हात जोडले, मग ते पुसून टाकले. तिकीट तसंच खिशात ठेवून रेवदंड्याकडे निघालो. सगळ्यांसारखं हळहळायचा हक्क मला नव्हता... का नव्हता, ते आज सहा आठवड्यांनी लिहितो आहे.

हरेश्वर रेवदंड्याचा, कोळ्याच्या घरातला. आमच्या किनाऱ्यावरच्या लहानशा खासगी विद्यापीठात तो अर्थशास्त्र शिकवायचा, मी भूगोल. प्राध्यापक संघटनेचा तो सरचिटणीस. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट, प्रशासनाशी करार व्हायचा होता. आम्हा कायम नोकरीवाल्यांच्या बढत्या अडल्या होत्या, आणि तासिकेवर शिकवणारे अकरा जण दर जूनला "यंदा बोलावणार ना?" म्हणत कार्यालयाच्या दारात उभे राहायचे. त्यांना कायम करा, ही मागणी हरेश्वरने सगळ्यात वर लिहिली. आमच्यातला एक कुरकुरला, "आधी आपलं तर पदरात पडू दे." हरेश्वर वर्गात शुद्ध बोलायचा, पण तापला की घरची बोली यायची. "बोटीवर चढला त्याला वाटा हाय. म्हावरं कमी घावलं म्हनून खलाशाला पान्यात ढकलतो काय आपन?" हशा पिकला, कुरकुर थांबली. त्याचा नियम एकच: करार होईपर्यंत प्रशासनाच्या केबिनमध्ये कुणी एकट्याने जायचं नाही. चहालासुद्धा नाही.

मी चहाला गेलो. कुलसचिवांनी बोलावलं, "तुम्ही त्यातले समजूतदार" म्हणाले... तेवढंच मला पुरलं. बढत्या मिळाल्या तर तासिकावाल्यांसाठी किती जण अडून बसतील, असं त्यांनी सहज विचारलं. मी म्हटलं, "फार नाही." त्या बढत्यांत माझीही होती, हे आता कशाला लपवू? दुसऱ्या दिवशी बैठकीत त्यांनी कागद पुढे सरकवला. बढत्या मंजूर, तासिकावाल्यांबद्दल अवाक्षर नाही. आदल्या दिवसापर्यंत नरमत आलेली माणसं एका रात्रीत अशी ताठ कशी झाली, कुणाला कळेना. संघटनेत हात वर करून मत घेतलं. माझाही हात वर गेला. हरेश्वर हरला, आणि सरचिटणीस म्हणून सही त्यालाच करावी लागली. त्या जूनला अकरांपैकी एकालाही बोलावणं आलं नाही.

त्यानंतर एकाच मजल्यावर आम्ही वर्षानुवर्षं शिकवलं. दिसलो की विचारायचा, "काय प्रोफेसर, जेवलास?" मी मान हलवायचो आणि जिना उतरायचो.

अंत्यविधी आटोपल्यावर शुभांगी भेटली. त्या अकरांतली एक. आता पेणला शिकवण्या घेते. म्हणाली, "सर, हरेशसरांवर मी फार राग धरला हो. त्यांनीच आम्हाला सांगितलं होतं, तुमच्यासाठी फार कुणी अडून बसणार नाही हे बोलण्याच्या भरात माझ्याच तोंडून फुटलं म्हणून. शेवटपर्यंत धड बोलले नाही मी त्यांच्याशी." म्हणजे त्याला ठाऊक होतं... माझं नाव घेतलं तर उरलीसुरली संघटनाही मोडेल म्हणून स्वतःवर घेतलं, की माझी कीव आली? सांगायला तो नाही. आणि मी तिला "पेणची गाडी मिळेल ना?" एवढंच विचारून किनाऱ्यावरच्या वाळूतून वाट धरली.

परवा, हा लेख धाडण्याआधी, पेणला जाऊन तिला खरं सांगितलं. ती कुणा विद्यार्थ्याची वही उगाच चाळत राहिली.

"त्यांना सांगितलंत कधी?"

"नाही."

"मग आता मी कोणाची माफी मागू, सर?"

सरचिटणीसपद सोडल्यावरही हरेश्वर दर शनिवारी दुपारी संघटनेच्या खोलीत बसायचा. कुणाला काही सांगायचं असलं तर. माझ्या विभागापासून चार दारं पलीकडे. मी कधी गेलो नाही. आता जातो. त्याची खुर्ची सोडून समोरच्या बाकावर बसतो. पंखा लावत नाही, एकट्यासाठी कशाला? गेल्या शनिवारी तासिकेवर नव्याने लागलेल्या एक बाई दारात थबकल्या.

"सर, आमचं काही ऐकून घ्यायला इथे कोणी बसतं का?"

"बसायचे," मी म्हणालो.

त्या "बरं" म्हणून वळल्या. त्यांची पावलं जिना उतरून गेली, मी बाकावर बसलेलाच होतो.