जळायला गवत हवं

माझं माहेर जावळीच्या जंगलातलं. तिथं पावसाला तोटा नाही, तरी फाल्गुनात वणवा ठरलेला. लग्न होऊन इंदापूरच्या माळावर आले, ते साल दुष्काळाचं. ऊन पाहून मी रोज धास्तीनं टेकडीकडं बघायची. सासूबाई वैतागल्या, "अगं, पेटायला गवत तरी हाय का तितं?" मला रागच आला.

पुढच्या वर्षी पाऊस मनासारखा झाला. टेकडीवर कमरेएवढं गवत वाढलं, वाळलं आणि चैत्रात एका दुपारी पेटलं. अख्खी वाडी लिंबाच्या डहाळ्या घेऊन धावली. झोडपून झोडपून आग विझवली, तेव्हा सगळ्यांची तोंडं काळी झाली होती. माझ्याकडं बघून सासूबाई खो खो हसल्या.

"आता माहेरी सांग, आमच्याकडं बी गवत येतं म्हणावं!"