बिबेखोऱ्यातली ओली पावलं

या ग्रुपवर मी दोन वर्षं नुसती वाचक आहे. खरं सांगू? तुमचे बरेच अनुभव वाचून मी हसलेय. बीएस्सी बॉटनी केलेली बाई मी, त्यात नोकरी वनरक्षकाची... सुनसान डोंगरात एकटं फिरणं हेच माझं काम. तिथं घाबरण्यासारखी माणसंच असतात, हे पहिल्या वर्षातच कळतं. भूतबीत मी कधी मानलं नाही. आजही मानत नाही. पण एका दुपारी जे पाहिलं, ते आता लिहून काढते. सोबत दुसरा माणूस होता, त्यानंही तेच पाहिलं.

शहरात माहेर गुलमंडीच्या मागच्या गल्लीत, सासर सिडकोत. पोस्टिंग फुलंब्रीच्या पुढच्या डोंगरात. माझ्या बीटमध्ये, म्हणजे गस्तीच्या हद्दीत, एक अरुंद दरी आहे, तिला गावात बिबेखोरं म्हणतात, कारण बिब्याची झाडं खूप. दरीच्या तोंडाशी खडकात एक कुंडी आहे, नैसर्गिक, चार म्हशी बसतील एवढी. वरच्या झऱ्याचं पाणी तिच्यात उतरतं. मोर, रोही म्हणजे नीलगायी, वानरं, सगळी तिथंच येणार.

ते वर्ष दुष्काळाचं. गावोगाव टँकर, आणि शहरात आमच्या नळाला आठवड्यानं पाणी. तरी शहर पसरतच होतं... रोज बसमधून जाताना कुठली ना कुठली टेकडी मुरमासाठी निम्मी कापलेली दिसायची.

माझ्यासोबत साहेबरावमामा असायचे. वनमजूर. जन्म पायथ्याच्या गावातला, रिटायरमेंटला दीड वर्ष उरलेलं. मामांना शाळा चौथीपर्यंतची, पण बॉटनी मी खरी त्यांच्याकडंच शिकले. होळीच्या आधीच कुंडी कोरडी पडली तेव्हा ते कितीतरी वेळ काठावर उकिडवे बसून राहिले.

"म्याडम, माझ्या बापाच्या टायमाला लई मोठा दुष्काळ पडला व्हता. तवा बी ही कुंडी आटली नाय."

"मामा, पाऊसच नाही तर झरा कुठून वाहणार?"

"झरा आटला तर आधी बारीक हुतो. हा एका हप्त्यात बंद पडला. असं हुतंय व्हय?"

मी ते मनावर घेतलं नाही. मग एप्रिलमध्ये कुंडीजवळ तीन मोर मेलेले सापडले. चार दिवसांनी रोहीचं पिल्लू, तोंडाला फेस. जनावरांच्या डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या सांगितलं, विषबाधा. पण कुंडीत थेंब नाही, मग विष प्यायली कुठं? आम्ही दोन वेळा दरीत वर चढून पाहिलं. घाणेरीची जाळी एवढी दाट की अर्ध्यातून परत फिरावं लागलं.

तिसऱ्या वेळी, मे महिन्यात, दुपारी साडेबाराच्या सुमारास आम्ही कुंडीपाशी पोचलो. खडकावर हात टेकवत नव्हता इतकं ऊन. मी बाटली उघडत होते तेवढ्यात मामा हळूच म्हणाले, "म्याडम... हे बघा."

कुंडीच्या कोरड्या तळातून एक ओलं पाऊल बाहेर आलेलं होतं. माणसाचं, अनवाणी, पाच बोटं स्वच्छ. त्यापुढं दुसरं. मग तिसरं. वर दरीकडं जाणारी ओळच.

मी आधी कुंडीत वाकून पाहिलं. ठणठणीत कोरडी. मग पावलावर बोट ठेवलं. पाणी होतं, गार. बाटलीतलं थोडं पाणी मुद्दाम शेजारी सांडलं. अर्ध्या मिनिटात वाळून गेलं. पाऊल मात्र तसंच.

"कोण हाय रं?" मामांनी आवाज दिला. दरीतून त्यांचाच आवाज परत आला.

मी मोबाईलवर फोटो काढला, शेजारी मामांचा बूट ठेवून. नंतर आम्ही चालायला लागलो. घाबरलो होतो का? मी तरी होते. पण वनरक्षकाला माग दिसला की पाय आपोआप वळतात... विचार नंतर.

आणखी एक गोष्ट. आम्ही पुढं गेलो की मागची पावलं वाळलेली असायची. मी तीनदा वळून पाहिलं. पुढं मात्र नजर पोचेल तिथवर ओली ओळ, आणि माणूस कुणीच नाही.

घाणेरीत जिथून आम्ही परत फिरायचो, तिथून डावीकडं डुकरांची एक वाट जात होती. सरळ, सोपी. त्या वाटेवर दोन पावलं उमटली होती, मग ओळ अचानक वाट सोडून उजवीकडच्या कातळावर चढलेली. मी वाटेनंच जायला निघाले, तर मामांनी दंड धरला. इतक्या वर्षांत त्यांनी कधी माझ्या अंगाला हात लावला नव्हता.

"ती जातेत तसंच जायचं."

कातळ चढताना माझे गुडघे सोलवटले. वर पोचलो आणि पावलं एका काळ्या पाइपाशी संपली. झऱ्याचं तोंड सिमेंटनं बांधून सगळं पाणी त्या पाइपात घातलं होतं. पाइप खाली एका खोलगट जागेत उतरत होता. तिथं सालई, धावडा, बिबा... मोठी झाडं बुंध्याशी साल सोलून उभीच वाळवलेली, ऊन पडावं म्हणून. आणि त्यांच्यामध्ये हिरवीगार, कमरेच्या वर आलेली गांजाची झाडं. सरकारी जंगलात, भर दुष्काळात! शेजारी खड्ड्यात प्लास्टिक अंथरून खत आणि औषध कालवलेलं निळसर पाणी. सगळीकडचं पाणी संपल्यावर मोर तिथं प्यायला येत होते. खड्ड्याच्या कडेला पिसं पडलेली.

आमची चाहूल लागून दोन माणसं उठून पळाली. मला पाठी तेवढ्या दिसल्या. ऑफिसला फोन लावायला रेंज नव्हती, म्हणून मी आणखी वर चढणार होते. मामा खाली बसले होते, डोक्यावरची टोपी हातात.

"म्याडम, पहिला पळाला तो आमचा दत्ता व्हता. माझ्या थोरल्या भावाचा पोरगा."

मी चेहरा पाहिलाच नव्हता. मामा गप्प राहिले असते तर कुणाला कधी कळलंच नसतं. मी म्हटलं, "मामा, नीट आठवा. नक्की तोच होता?"

"अंगाखांद्यावर खेळवलाय त्याला. चाल वळखीत नाय व्हय मी?"

टोपी डोक्यावर घालत म्हणाले, "लिहा. आधी त्याचं नाव लिहा, मग साक्षीला माझं."

संध्याकाळपर्यंत आमची टीम आणि पोलीस आले. झाडं उपटली, पंचनामा झाला. उतरताना एका पोलिसानं काठीनं चाचपत ती डुकरांची वाट धरली आणि काठीचेच खटकन दोन तुकडे झाले. पाल्याखाली लोखंडी सापळा होता, जबड्यासारखा. पुढं आणखी दोन निघाले. मी मामांकडं पाहिलं. त्यांनी बोटानं कातळ दाखवला.

बांध फोडला तरी पाणी लगेच खाली सोडता येईना, विषाचा खड्डा मध्येच होता. तो गावच्या बायकांनी आमच्यासोबत उपसला. टोपल्या भरभरून माती बाहेर काढली, कुंडी राखेनं घासली. आठव्या दिवशी करंगळीएवढी धार कुंडीत उतरली तेव्हा मामा तिच्याकडं असे बघत होते, जसा बाप बोर्डात आलेल्या लेकीकडं बघतो. भावाच्या घरचं त्यांचं बोलणं बंद झालं ते आजतागायत. लग्नाकार्याला बोलावणं येत नाही. त्याबद्दल त्यांच्या तोंडून मी एक शब्द ऐकलेला नाही.

त्या पावलांचं काय, हे मी खूप जणांना विचारलं. आमच्या ऑफिसातल्या साहेबांनी फोटो पाहिला. "तुमचंच असेल कुणाचं तरी." आम्ही दोघं बुटात होतो. कुणी पळून गेलेल्याचं? मग तो कोरड्या कुंडीतून भिजून कसा निघाला, आणि स्वतःच्या सापळ्यापासून आम्हाला वाचवत स्वतःच्या शेतावर का नेईल? जिऑलॉजीवाले माझे एक सर म्हणाले, खडकातून ओल पाझरते कधीकधी. पाझरत असेल. पण पाच बोटांची?

पंचनाम्यात मी सोपं वाक्य लिहिलं होतं, 'नियमित गस्तीदरम्यान'. केस उभी राहिली तेव्हा दत्ताच्या वकिलानं बरोबर तिथंच बोट ठेवलं. मामा साक्षीला उभे होते.

"तिथं वाट नाही, खबर नाही. मग नेमके तिथं पोचलात कसे? वैरातून पुतण्याला अडकवलंय ना?"

मामांनी एकदा दत्ताकडं पाहिलं.

"वल्ल्या पावलांच्या मागं गेलो, सायेब. कुनाची ते मला ठावं नाय."

कोर्टात हशा पिकला. वकील म्हणाले, "असलं कोर्टात सांगतात का, काका?"

"घरच्या पोराचं नाव खरं सांगितलं," मामा शांतपणे म्हणाले, "आता पावलाचं खोटं कशापायी सांगू?"

मग कुणीच हसलं नाही.

माझी साक्ष त्यांच्यानंतर होती. आदल्या रात्री सरकारी वकिलांनी मला समजावलं होतं, गस्तीचंच सांगा, फाटे फोडू नका. दत्ताच्या वकिलानं तोच प्रश्न मला विचारला. मी मामांकडं पाहिलं... बाकावर ताठ बसले होते, हात गुडघ्यांवर.

सायन्सची पदवीधर मी. मला आजही या गोष्टीचं काही स्पष्टीकरण देता येत नाही, आणि त्या दिवशीही देता आलं नाही. मी एवढंच म्हणाले, "साहेबरावमामांनी सांगितलं तेच खरं आहे. माझ्याही नावापुढं तेच लिहून घ्या."