एक तास बारा मिनिटं

आधीच सांगतो, मी हे असलं काही न मानणाऱ्यातला आहे. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले. तेव्हापासून आमच्या घरात भूतखेत, अंगात येणं, उतारा या गोष्टींना थारा नाही. त्यात माझा धंदा इंजिनांचा. अमरावतीत दुकान आहे — पंप, जनरेटर आणि बोटीला मागून लावतात ती इंजिनं दुरुस्त करतो. वायर तपासल्याशिवाय माझा कशावरच विश्वास बसत नाही... त्यामुळे हे वाचून कोणी हसलं तर हरकत नाही. मीही हसलो असतो.

जागा म्हणाल तर कौंडण्यपूरच्या खाली, वर्धा नदीकाठचं एक गाव. नाव देत नाही, कारण तिथे एक बाई राहते आणि तिला आधीच पुष्कळ त्रास झालाय. पुराच्या कामासाठी गावाला एक रबरी बोट मिळाली होती. ती चालवायचे देवमनभाऊ. पन्नाशीचे, पिढीजात भोई, नदीतच वाढलेला माणूस.

तीन वर्षांपूर्वी ऑगस्टात गजानन नावाचा तिथला एक जण पुराच्या पाण्यातून मोटारपंप काढायला उतरला आणि वाहून गेला. देवमनभाऊ सकाळी आठला बोट घेऊन एकटेच शोधायला निघाले, दुपारी एक वाजता परतले. घाटाच्या खाली नदी डावीकडे वळते. वळणापलीकडे गेलेली बोट काठावरून दिसत नाही, आणि पुराच्या आवाजात इंजिनही ऐकू येत नाही. तिसऱ्या दिवशी गजाननचा मृतदेह वर आला — वळणापलीकडे, काळ्या खडकाजवळ. देवमनभाऊ जिथे शोधलं म्हणत होते, बरोबर तिथेच.

मग कोणीतरी बोटीचं मीटर पाहिलं. इंजिन किती तास चाललं हे मोजणारं छोटं मीटर असतं. त्या दिवशी त्यात भर पडली होती 1.2 ची. म्हणजे एक तास बारा मिनिटं. पेट्रोल मात्र पाच तासांचं संपलेलं. झालं, गावाने ठरवून टाकलं : हा माणूस वळणाआड जाऊन बसला, पेट्रोल विकलं, आणि गजानन बिचारा खडकाखाली पडून राहिला.

मीटर तपासायला तहसील कार्यालयातून मला बोलावलं. इंजिन बोटीवरून काढून कार्यालयाच्या आवारात पाण्याने भरलेल्या लोखंडी ड्रमवर चढवलं. या मीटरची तार प्लगच्या वायरीभोवती गुंडाळलेली असते. ठिणगी पडली की मीटर मोजतं. ठिणगीशिवाय इंजिन चालत नाही, म्हणजे इंजिन चालू असताना मीटर थांबायला नको. मी तारेची गुंडाळी पाहिली, अर्थिंग पाहिलं, घड्याळ लावून तासभर इंजिन चालवलं. मीटरनेही एक तासच दाखवला.

देवमनभाऊ सगळा वेळ ड्रमशेजारी उभे होते. शेवटी म्हणाले, "साहेब, एकडाव बोटीत बसून वळणापल्याड चाला. अठी ड्रमात काय पाहून राहिले?"

मी म्हणालो, मीटरला ड्रम काय आणि नदी काय, सारखंच. खरं कारण वेगळं होतं. मला पोहता येत नाही. नदीला अजून पाणी होतं आणि मला भीती वाटली. पण एवढा मोठा मिस्त्री, चारचौघांत ते कसं सांगणार? उलट मीच नाकाने कांदे सोलले. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं वर ऐकवलं, आणि लिहून दिलं : मीटर अचूक आहे.

बोट त्यांच्याकडून काढून घेतली. पण त्याहून वाईट पुढेच झालं. बुडालेला माणूस शोधून घरच्यांच्या हाती देणं हे त्यांच्या वडिलांपासून चालत आलेलं काम, त्याचा एक रुपया त्यांनी कधी घेतला नाही. आता कोणी बुडालं तरी लोक त्यांना बोलवेनात. गजाननची बायको सुनंदाताई त्यांना पाहून थुंकायच्या म्हणे. देवमनभाऊ अंजनगाव सुर्जीला मुलीकडे निघून गेले. हे सगळं माझ्या कानावर आलं आणि मी विसरूनही गेलो. आज लिहिताना स्वतःची चीड येते.

गेल्या हिवाळ्यात तीच बोट दुकानात आली. नवा चालक इरफान म्हणाला, मीटर तास कमी दाखवतं आणि बोलणी त्याला खावी लागतात. मी मीटर बदलून दिलं. आठ दिवसांत तो पुन्हा हजर, तीच तक्रार.

या वेळी मी स्वतः बोटीत बसलो. भर दुपार, पाणी उतरलेलं, तरी अंगावर दोन लाइफ जॅकेट. इरफान हसू दाबत होता. इंजिनाला दोन प्लग. एकाच्या वायरीवर नवं मीटर लावलं, दुसऱ्याच्या वायरीवर जुनं. हातात मोबाइलचं स्टॉपवॉच. वळणापर्यंत सगळं बरोबर. काळा खडक दिसला... आणि दोन्ही मीटरांवरचं लुकलुकणारं चिन्ह एकदम थांबलं. ही मीटरं इंजिनाचे फेरेही दाखवतात, तेही शून्य. इंजिन मात्र झकास चालू, त्याची थरथर मला बसल्या जागी जाणवत होती. वेग वाढवायला लावला, शून्य. तारा हलवून पाहिल्या, शून्य. वरून विजेची तार जात नाही, जवळ टॉवर नाही. चाळीस मिनिटं आम्ही त्या खडकाभोवती फिरलो. दोन्ही मीटरांनी त्यातलं एक मिनिट धरलं नाही. वळणावर परत आलो तशी दोन्ही चालू झाली. नंतर मी बोटीच्या फेऱ्यांची जुनी वही चाळली. गजानन बुडायच्या आधी बोट त्या भागात कितीतरी वेळा गेली होती, आणि मीटरचे सगळे तास बरोबर होते.

मी नवा अहवाल घेऊन कार्यालयात गेलो. तिथले साहेब म्हणाले, प्रकरण केव्हाच बंद झालं, तुमच्याच सहीने.

मग अंजनगावला गेलो. देवमनभाऊ केळीच्या गाडीवर हमाली करत होते. मी सगळं सांगितलं. वाटलं, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी दुपट्ट्याने तोंड पुसलं.

"मले काहून सांगता?" ते म्हणाले. "मले तं मालूमच होतं. त्या बाईले सांगा."

सुनंदाताईंनी मला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं. मी खडक, मीटर, चाळीस मिनिटं, सगळं सांगितलं.

"मंजे तो माणूस पाच तास आमच्या यायलेच धुंडून राहिला होता," त्या म्हणाल्या. "अन् मी त्याच्यावर थुंकली."

मग त्या माझ्याकडे वळल्या.

"तवा तुमी बोटीत बसून पाह्यलं नोतं?"

"नाही."

"काहून?"

मीटर त्या खडकापाशी का थांबतं, हे मला आजही माहीत नाही. माझ्याहून जाणत्या तिघांना विचारलं, कोणाकडेच उत्तर नाही. सुनंदाताईंनी विचारलं त्याचं उत्तर मात्र माझ्याकडे होतं, तीन वर्षांपासून होतं. भीती वाटली, एवढंच म्हणायचं होतं. मी पाण्याचा गडू खाली ठेवला, चपला घातल्या आणि निघून आलो.