घुमटाच्या आतला जिना

फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट बघायचा, हे माझ्या नवऱ्याचं कॉलेजपासूनचं वेड. पुण्याला इंजिनिअरिंग शिकताना एका सरांनी तो फळ्यावर काढून दाखवला होता: विटांचे दोन घुमट, एकात एक, आणि मधल्या पोकळीतून वर जाणारा जिना. पुढे कुवेतची रिफायनरी, मुलीची शाळा, दर उन्हाळ्यात नाशिक, यात इटली राहूनच गेली. शेवटी गेल्या वर्षी ईदच्या सुट्टीत आम्ही तिघं निघालो.

पहिला दिवस फार छान गेला. नदीवरचा जुना पूल, त्यावरची सोनारांची दुकानं, चौकातले पुतळे. तो न थकता बोलत होता. आमची लेक पंधरा वर्षांची, कुवेतमध्येच वाढलेली. "बाबा, यू साउंड लाइक अ गाइड," असं म्हणत ती हसत होती, पण ऐकतही होती.

दुसऱ्या दिवशी घुमट. लेक पुढे, तो मध्ये, मी मागे. सुरुवातीला तो विटा दाखवत होता, त्या तिरक्या कशा रचल्यात ते सांगत होता. मग जिना अरुंद झाला. एका बाजूची भिंत अंगावर कलायला लागली आणि त्याचं बोलणं बंद पडलं. मला वाटलं, दम लागला असेल.

थोडं वर जाऊन तो थांबला. दोन्ही तळवे भिंतीला टेकवून नुसताच उभा. मानेवरून घाम वाहत होता.

"काय रे? बसतोस का जरा?"

"लाइट गेली तर?" तो म्हणाला.

"कुठली लाइट?"

मागे माणसांची रांग तुंबली होती, कुणीतरी इटालियनमध्ये काहीतरी पुटपुटलं. वरून लेक ओरडली, "बाबा, जस्ट कीप वॉकिंग!" तो खाली पायरीवर बसला, डोकं गुडघ्यांत घातलं आणि हिंदीत म्हणाला, "कोई है क्या बाहर? निकालो मुझे."

आमच्या घरात हिंदी कुणी बोलत नाही. ती त्याची कामावरची भाषा. तो माझ्याशी बोलत नव्हता.

पुढच्या वळणावर भिंतीत एक लहानशी खिडकी होती. मी त्याच्या काखेत हात घालून त्याला तिथपर्यंत जवळजवळ ओढलंच. त्यानं तोंड खिडकीला लावलं. बाहेर लाल कौलांची छपरं आणि ऊन होतं. "बघ, दिसतंय ना बाहेरचं?" मी विचारत राहिले. तो मान हलवत राहिला. तेवढ्यात लेक वरून तिथल्या एका कर्मचारी बाईंना घेऊन आली. बाईंनी रांगेला भिंतीशी सरकवलं, त्याचा हात धरला आणि एक एक पायरी उतरवत आम्हाला खाली आणलं. घुमट आमच्या डोक्यावरच राहिला.

चौकात त्यानं लेकीला सांगितलं, "काही नाही गं, बीपी लो झालं." ती पाणी आणायला गेली. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"शटडाउनला झालं होतं," तो म्हणाला.

शटडाउन म्हणजे प्लँट बंद ठेवून केलेली दुरुस्ती. तेव्हा त्याला मोठाल्या टाक्यांच्या आत उतरून तपासणी करावी लागते. मागच्या शटडाउनला तो असाच आत असताना दिवे गेले. टाकीच्या तोंडाशी जो माणूस सतत हजर असायला हवा, तो जागेवर नव्हता.

"हाका मारल्या. आपलाच आवाज फिरून येतो गं आतल्या आत... किती वेळ गेला, माहीत नाही. मग लाइट आली. बाहेर आलो, चहा प्यायलो, शिफ्ट पुरी केली."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगणार? लागलं कुठे होतं काही?"

लेक बाटली घेऊन आली तसा तो उठून उभा राहिला.

उरलेले दिवस आम्ही ठरल्याप्रमाणे फिरलो. संग्रहालयांत तो येईना. बाहेर बाकावर बसून राहायचा. एका संग्रहालयातल्या जगप्रसिद्ध पुतळ्यासमोर मी उभी होते आणि मला काहीही दिसत नव्हतं. रांगेत लेकीनं हळूच विचारलं, "आई, इज ही ओके?" मी "हो" म्हणाले. तिचा विश्वास बसला नाही, हे मला कळलं.

कुवेतला परतल्यावर त्यानं साहेबांकडे कंपनीच्या अहमदी शहरातल्या ऑफिसात बदली मागितली. आधी त्यांनी हसण्यावारी नेलं. "तुझ्याइतका अनुभवी कोण आहे दुसरा?" मग तो पुन्हा गेला आणि झालं ते सगळं सांगितलं. त्याला ते किती जड गेलं असेल, मी समजू शकते. बदली मिळाली. आता तो टेबलावर बसून कामाची आखणी करतो. "आत उतरायला आता मी दुसऱ्यांना पाठवतो," हे तो ज्या आवाजात म्हणतो, तो मला आवडत नाही.

शनिवारी सकाळी आम्ही साल्मियाला एका समुपदेशक बाईंकडे जातो. तो आत जातो, मी गाडीत एसी लावून थांबते. आत काय बोलला ते मी विचारत नाही. कधी बाहेर येऊन म्हणतो, "भूक लागलीय, फलाफल खाऊया." कधी मंगफला आमच्या घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलत नाही, आणि मीही रेडिओ लावत नाही.