जुन्या कुपीतले द्रावण

प्रयोगशाळेत तिला सगळे गाळणीबाई म्हणत. आपल्या हातून तयार झालेला पदार्थ पुन्हा एकदा गाळून, धुऊन, तपासून घेतल्याशिवाय ती तो कोणाच्या स्वाधीन करीत नसे. रासायनिक संयुगे घडवणे हे तिचे काम; ती संयुगे पेशींवर टाकून पाहणे हे शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याचे. तो बशीतल्या पेशींबद्दल लेकरांबद्दल बोलावे तसा बोलत असल्यामुळे त्याचे नाव पेशीवाला पडले होते. “बाई चहासुद्धा दोनदा गाळतात,” तो म्हणे, “म्हणून तर इतका पांचट होतो.” ती हसत असे, आणि कप विसळायलाही त्यालाच लावीत असे.

ज्या कामात तिचे केस पांढरे झाले, ते सांगायला सोपे आणि करायला दुर्घट होते. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीच्या पेशींवर एक रिसेप्टर असतो. मेंदूकडून निरोप आला की तो पेशीत कळ फिरवतो आणि ग्रंथी आपले हार्मोन बनवू लागते. काही माणसांच्या रक्तात मात्र भलत्याच अँटीबॉडी निपजतात. आगंतुकाने दाराची घंटा दाबून धरावी तशा त्या या रिसेप्टरला चिकटून राहतात आणि ग्रंथी विसावा न घेता राबत राहते. छाती धडधडते, हात कापतात, माणूस वाळतो. हाच रिसेप्टर डोळ्यांमागच्या मांसातही असतो. तेथे सूज आली की डोळे खोबणीतून पुढे येतात. अँटीबॉडीशी दारात झुंजण्यापेक्षा घंटेची तार आतूनच तोडावी, म्हणजे रिसेप्टरच्या खोल पोकळीत जाऊन बसेल आणि गोळी म्हणून गिळता येईल असा लहानसा रेणू घडवावा, ही तिच्या विभागाची कल्पना होती.

तिच्या थोरल्या बहिणीला हाच आजार झाला तो हे काम सुरू झाल्यानंतर. ताईचे कपडे शिवण्याचे आणि उसवून नीट करण्याचे दुकान होते. “बघ,” ताई म्हणाली होती, “तुझ्या औषधाला गिऱ्हाईक घरातच मिळालं. आता तरी हात भरभर चालव.” नेहमीच्या गोळ्यांनी ग्रंथी ताब्यात आली, डोळे मात्र ताब्यात आले नाहीत. ताई काळा चष्मा लावून मशीनवर बसू लागली. पुढे डाव्या डोळ्याला लाल रंग विटेसारखा दिसू लागला, तेव्हा डोळ्यांच्या सर्जनने स्पष्ट सांगितले की मागची नस दाबली जात आहे, उजव्या डोळ्यालाही तोच धोका आहे. खोबणीचे थोडे हाड काढून जागा करावी लागेल, आणि लवकर.

“बहिणीचं औषध येतंय,” ताईने त्यांना सांगितले. “तोवर थांबते.”

दाजींनी धाकटीला बाजूला घेतले. “तूच सांग तिला. माझं ऐकलंय कधी? लग्नात हार घालतानासुद्धा ‘मान खाली करा’ म्हणून माझ्यावरच खेकसली होती.”

धाकटी म्हणाली, “औषधाला अजून वेळ आहे, ताई.” ताईने ते ‘औषध यायला थोडाच वेळ उरला आहे’ असे ऐकले. धाकटीने ते तसेच ऐकू दिले.

त्या दिवसांत तिच्या हाती एक रेणू खरोखरच लागलेला होता. तो टाकताच थायरॉइडचा रिसेप्टर असलेल्या पेशी शांत होत, आणि इतर रिसेप्टर असलेल्या पेशींना त्याचे काहीच वाटत नसे. नेमके हवे ते दार बंद आणि शेजारची सगळी उघडी! विभागप्रमुखांनी निधी देणाऱ्या मंडळाची बैठक ठरवून टाकली.

ताईला तपासणीसाठी घेऊन ती गेली होती, त्या दिवशी शीतकपाटाची किल्ली तिच्याच पर्समध्ये राहिली. आत मूळ द्रावणाची कुपी होती. पेशीवाल्याने बाहेर ठेवलेल्या, त्याच रेणूच्या ताज्या भुकटीचे द्रावण करून थायरॉइडच्या पेशींवर टाकले. दुसऱ्या दिवशी तो तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

“बाई, रागावू नका. तुमचा राजपुत्र मेलाय.”

“तुझ्या पेशी आजारी असतील.”

“माझ्या पेशी ठणठणीत आहेत. तुमची भुकटी टाकली काय नि पाणी टाकलं काय, त्यांना सारखंच.”

ती खुर्चीत मागे टेकली. आपण काय केले ते तिला त्याच क्षणी दिसले. जुन्या कुपीतले द्रावण संपत आले होते, म्हणून ते तिने मुख्य प्रयोगासाठी राखून ठेवले होते. इतर रिसेप्टरांवरच्या पडताळणीसाठी मात्र नवी भुकटी, कारण ती मुबलक होती आणि दोनदा गाळलेलीही. एकच नाव लिहिलेल्या दोन वेगळ्याच वस्तूंची तिने तुलना केली होती. तिने किल्ली काढली आणि जुने द्रावण त्या इतर पेशींवर टाकायला सांगितले. त्याही मुक्या झाल्या. कुपीतला रेणू ओलाव्याने कधीच फुटला होता. त्याचे तुकडे दिसेल त्या प्रथिनाला चिकटत होते. ती कुलपाची किल्ली नव्हती. सगळ्या कुलपांत ओतलेला तो डिंक होता.

विभागप्रमुखांनी सगळे ऐकून घेतले आणि दार लोटून घेतले. “बैठक होईपर्यंत हे या खोलीबाहेर जाता कामा नये. घरीसुद्धा नाही.”

“घरी सांगावं लागेल, सर.”

“घरच्यांना यातलं काय कळतं?”

ती दाराकडे वळली. बाहेर पडायला दार तेवढे एकच होते, आणि त्यात सर उभे होते. ते बाजूला होईपर्यंत ती उभी राहिली. तेथून ती सरळ ताईच्या दुकानात गेली.

भर दुपार होती. ताईच्या मांडीवर परत आलेला एक कोट होता. लाल अस्तराला तपकिरी दोऱ्याची शिवण घातलेली.

“गिऱ्हाईक ओरडून गेलं,” ताई म्हणाली. “मी म्हटलं, उजेड कमी होता.”

“दुपारी बारा वाजता,” दाजी कात्रीवरून मान न उचलता म्हणाले.

“तुम्ही गप्प बसा हो. औषध आलं की दाखवते तुम्हाला उजेड.”

“ताई, औषध येत नाहीये.”

“उशीर होणार?”

“उशीर नाही. ते औषधच नव्हतं. चूक माझी आहे.”

“अगं, पण त्या पेशी गप्प झाल्या म्हणाली होतीस ना?”

“गळा दाबला की कोणीही गप्प होतं, ताई. आणि तो रेणू खरा निघाला असता, तरी माणसांपर्यंत यायला वर्षं लागली असती. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.”

ताईने चष्मा काढला. पापण्या पुऱ्या मिटत नसल्यामुळे तिची नजर हलली तरी टक लावल्यासारखी वाटे. “म्हणजे इतके दिवस तू मला झुलवत ठेवलंस.”

“तुला ऐकायचं होतं ते ऐकू दिलं. मलाही तेच ऐकायचं होतं.”

“तुझं तू बघ. मला कापून घ्यायची भीती वाटते गं! तुझ्या औषधाचं नाव काढलं की सगळ्यांची तोंडं बंद व्हायची. तेवढा एक आडोसा होता मला. तोही आज काढून घेतलास.” ती कोटाची तपकिरी शिवण चरचर उसवू लागली. दोन-तीन टाके सुटल्यावर हात न थांबवता म्हणाली, “अहो, ऐकताय काय नुसते? लावा त्या डॉक्टरांना फोन. माझा विचार बदलायच्या आत लावा.”

मंडळाच्या बैठकीत धाकटीने दोन्ही द्रावणांची गोष्ट स्वतःच सांगितली. हकालपट्टी होईल, निदान काम तरी बंद पडेल, असे तिला वाटत होते. खरे तर तिने त्याची आशाच धरली होती. विभागप्रमुख तिच्याशी बोलेनासे झाले, पण मंडळाने प्रांजळपणाची वाखाणणी करून कामाला मुदतवाढ दिली आणि नवा रेणू शोधण्याची जबाबदारी तिच्यावरच टाकली. बाहेर आल्यावर पेशीवाल्याने तिचे अभिनंदन केले, आणि मग तिचा चेहरा पाहून ते मागे घेतले.

शस्त्रक्रियेने ताईचा उजवा डोळा वाचला. डाव्याची नजर उरली, पण त्यातला लाल रंग परत आला नाही. आधी आला असतात तर कदाचित, असे सर्जन म्हणाले. हे ‘कदाचित’ दोघी बहिणींनी आपापसांत कधी वाटून घेतले नाही. धाकटी आता कामावरून परस्पर दुकानात येते आणि ताईच्या दोऱ्यांची रिळे रंगांप्रमाणे लावून देते.

“नवीन काही सापडलं का?” ताई विचारते.

“नाही.”

“बरं. निदान आता ‘नाही’ तरी म्हणतेस.” डावा डोळा तळहाताने झाकून ताई रीळ पुढे करते. “हा लाल ना?”

“हो.”

“बघून सांग.”

धाकटी रीळ घेऊन दारापर्यंत जाते, उजेडात धरून पाहते, आत येऊन दिव्याखाली पुन्हा एकदा पाहते, आणि मगच ते ताईच्या हातात देते.